चाळीस हजार घोड्यांची वैरण

सरकीपेंड

नमस्कार मंडळी. प्रश्न जॉर्ज आर. आर. मार्टिन यांच्या ‘अ साँग ऑफ आइस अँड फायर’ या मालेबद्दल आहे, म्हणजे ‘गेम ऑफ थ्रोन्स’ची पुस्तकं आणि टीव्हीवरची मालिका, दोन्हीबद्दल. शेवटापर्यंतचं सगळं बोलणार आहे. ज्यांचं वाचायचं-बघायचं राहिलंय त्यांनी इथंच थांबावं.

कोल्हापूरच्या लक्ष्मीपुरीत आमचं पशुखाद्याचं दुकान आहे. आधी वडील बसायचे, आता मी बसते. सरकी पेंड, गोळी पेंड, मक्याचा भरडा, गव्हाचा भुसा, हंगामात शाळवाचा कडबा. दिवसभर एकच हिशेब चालू असतो: कुणाच्या गोठ्यात किती तोंडं आणि दिलेला माल किती दिवस पुरेल. गोष्ट वाचायला बसले तरी तो हिशेब काही थांबत नाही.

मी पहिली तीन पुस्तकं वाचली आहेत. चौथं अर्ध्यावर आहे. मालिका मात्र आठही पर्वं पाहिली.

पहिल्या पुस्तकात खाल ड्रोगोच्या टोळीत ४०,००० घोडेस्वार आहेत. ४०० किलोच्या घोड्याला दिवसाला निदान ८ किलो कोरडी वैरण लागते. राबता घोडा असला तर दाणा वेगळा आणि पाणी तीसेक लिटर. ४०,००० गुणिले ८ म्हणजे ३२० टन. दहा टनी ३२ ट्रक, रोज. पहिल्यांदा वाचताना मी हे कागदावर मांडलं आणि मला लेखकाचं कौतुक वाटलं, कारण हे घोडेस्वार लोक, डोथ्राकी, राहतात गवताच्या समुद्रात. एका ठिकाणचं गवत संपलं की पुढं सरकतात. त्यांचं भटकणं हौसेचं नाही, पोटाचं आहे. दुसऱ्या पुस्तकात ड्रोगोची बायको डेनेरिस उरलेल्या थोड्या माणसांना घेऊन लाल वाळवंट तुडवते तेव्हा तर घोडी एकेक करून पडतात. ना वैरण, ना पाणी. ते पान वाचताना मला गिळवत नव्हतं.

म्हणजे घोड्याला पोट असतं हे लेखकानंच मला सांगितलं. आता मालिकेचं सातवं पर्व बघा. डेनेरिस तोवर सगळ्या खलासारांची, म्हणजे डोथ्राकी टोळ्यांची, धनीण झालेली, म्हणजे घोडी ४०,००० पेक्षा जास्तच. ती सगळी समुद्रापार आणून उतरवली ड्रॅगनस्टोनवर. ते काळ्या दगडाचं बेट. तिथं गवताची काडी दाखवलेली नाही. मग तीच घोडी आठव्या पर्वात उत्तरेतल्या विंटरफेलच्या किल्ल्याला, गुडघाभर बर्फात. त्याआधी सातव्याच पर्वाच्या चौथ्या भागात तिनंच शत्रूच्या धान्याच्या गाड्या जाळल्या होत्या.

सगळ्यात जास्त लागलं ते पुढंच. आठव्या पर्वाच्या पहिल्याच भागात विंटरफेलची लेक सान्सा भर सभेत विचारते की एवढ्या फौजेला खायला काय घालायचं, आणि ड्रॅगन काय खातात? उत्तर येतं, त्यांना वाटेल ते. बस. तिथून तो प्रश्न कुणी परत उचललाच नाही. अख्ख्या दालनात एकट्या त्या मुलीला कोठाराची काळजी होती.

दुसरी गोष्ट अंतराची. सातव्या पर्वाच्या सहाव्या भागात जॉन स्नोची माणसं उत्तर सीमेवरच्या बर्फाच्या भिंतीपलीकडं गोठलेल्या तळ्यावर अडकतात. त्यांच्यातला गेंड्री धावत भिंतीवरच्या ईस्टवॉच किल्ल्याला येतो, तिथून निरोप घेऊन कावळा ड्रॅगनस्टोनला जातो, आणि डेनेरिस ड्रॅगनवरून येऊन त्यांना सोडवते. भिंत ३०० मैल लांब, म्हणजे ४८० किलोमीटर, हे पुस्तकातच आहे. ते माप धरून नकाशा मोजला तर ईस्टवॉच ते ड्रॅगनस्टोन किमान चार भिंती भरतं. कोल्हापूर ते दिल्लीपेक्षा लांब. कावळा ताशी ६० किलोमीटरनं, न थांबता, न खाता उडाला तरी त्याला दीड दिवस हवा. तोवर ती माणसं तळ्याच्या मधोमध उभी.

ही मालिका संपली २०१९ च्या मे महिन्यात. तेव्हा मला नुसतं खटकलं होतं. काय खटकलं ते ऑगस्टमध्ये कळलं. पंचगंगेला महापूर आला, शिरोलीजवळ महामार्गावर पाणी चढलं आणि पुणे-बंगळूर रस्ता बंद पडला. माझ्या पेंडीच्या दोन गाड्या पलीकडं उभ्या. दुकानातली पोती आम्ही आदल्या रात्री माळ्यावर चढवली होती, पण गल्लीत छातीइतकं पाणी. चिखलीकडचा आमचा एक गवळी बारा म्हशी घेऊन उंचावरच्या एका शेडात येऊन थांबला होता. त्याचा रोज फोन, “ताई, एखादं पोतं तरी बघा.” माल होता, रस्ता नव्हता. कुणीतरी उसाचं वाडं आणून टाकलं, त्यावर अर्धपोटी काढली. तिसऱ्या दिवशी दूध निम्म्यावर आलं. पाचव्या दिवशी दोन म्हशींना हात लावून उठवावं लागलं.

तेव्हापासून गोष्टीत कुणी नुसतं ‘सैन्य पोचलं’ म्हटलं की माझ्या डोळ्यांपुढं त्या दोन म्हशी येतात.

माझा भाचा अकरावीला आहे. तो म्हणतो, “आत्या, तू लई हिशेब करतीस. ड्रॅगन उडलेला चालतोय आणि घोडं उपाशी ऱ्हायलेलं चालत न्हाई?” मी त्याला सांगितलं की ड्रॅगनची किंमत लेखकानं माझ्यासमोर मोजून घेतली. डेनेरिसचा नवरा गेला, पोटातलं मूल गेलं, चितेत ती स्वतः शिरली, तेव्हा ती अंडी फुटली. घोड्यांची किंमत कुणी मोजली?

मला दोन गोष्टी विचारायच्या आहेत. चौथ्या-पाचव्या पुस्तकात या वैरणीचा, धान्याचा, हिवाळ्याच्या तरतुदीचा हिशेब कुठं येतो का? आणि तुम्हाला अशी जागा लागली की तुम्ही पुढं कसं वाचता?

तिसरीगल्ली

ताई, राजारामपुरीतून लिहितोय. मी फक्त मालिका पाहिली आहे, पण तीन वेळा.

मला वाटतं यात सगळा दोष गोष्टीचा नाही, वेळेचा आहे. पहिली सहा पर्वं दहा-दहा भागांची होती. सातव्याला सात भाग मिळाले, आठव्याला सहा. एकूण ७३ भागांत त्यांना ती संपवायची होती. पहिल्या पर्वात राजाचा लवाजमा विंटरफेलहून निघून राजधानीला पोचेपर्यंत जवळजवळ आख्खा दुसरा भाग जातो, वाटेत सान्साच्या लांडगीचा जीव जातो, कसायाचं पोर मरतं. सातव्यात तसा प्रवास दाखवला असता तर शेवट राहिला असता.

तळ्याच्या त्या भागाबद्दल दिग्दर्शक ॲलन टेलर यांनी मुलाखतीत मान्य केलं होतं की किती वेळ गेला हे त्यांनी मुद्दाम धूसर ठेवलं. म्हणजे त्यांनाही माहीत होतं. पण तो ड्रॅगन भाल्यानं पडतो आणि मग त्याचा डोळा निळा होऊन उघडतो, तेव्हा आमच्या खोलीत आम्ही सहा जण होतो आणि कुणी श्वाससुद्धा घेत नव्हतं. मला तो क्षण हवा होता. त्यासाठी कावळ्याला मी माफ केलं.

मला जे माफ करता आलं नाही ते वेगळंच आहे. आठव्या पर्वाच्या तिसऱ्या भागात सगळे डोथ्राकी पेटत्या तलवारी घेऊन अंधारात घुसतात आणि एकेक ज्योत विझते. आख्खी टोळी संपली असं वाटून माझ्या पोटात गोळा आला होता. पुढच्या भागात नकाशावरच्या सोंगट्या हलवून सांगतात, निम्मे उरले. मग माझं ते रडणं कशासाठी होतं?

सरकीपेंड

तिसरीगल्ली, तुमचं शेवटचं वाक्य मी भाच्याला वाचून दाखवलं. तो गप्प झाला. त्यालाही तिथंच लागलं होतं म्हणे.

पण वेळ कमी पडला हे मला पुरतं पटत नाही. प्रवास दाखवावाच लागतो असं माझं म्हणणं नाही. तो झालाय हे जाणवलं पाहिजे. पहिल्या पुस्तकात सान्साची आई केटलिन नवऱ्याच्या, नेडच्या, नंतर घर सोडते, पण व्हाइट हार्बरहून जहाज धरते आणि त्याच्या आधी राजधानीत हजर होते. जहाजावरचे सगळे दिवस काही लेखकानं लिहिलेले नाहीत. रस्त्यानं उशीर लागतो, पाण्यानं लवकर जाता येतं, एवढं एकदा सांगितलं, पाळलं, झालं.

आणि अंतर काढून टाकलं की नुसता नकाशा चुकत नाही, दुःखाचा पायाच जातो. सान्साच्या थोरल्या भावाची, रॉबची गोष्ट आठवा. धाकटे भाऊ मेले ही खोटी बातमी त्याला लांब पश्चिमेत, जखमी असताना पोचते. त्या रात्री जी मुलगी त्याला धीर देते तिच्याशी तो लग्न करतो, फ्रे घराण्याला दिलेला लग्नाचा शब्द मोडतो, आणि तिथून लाल लग्नाचा, म्हणजे लग्नघरातच त्याचा घात होतो त्या कत्तलीचा, रस्ता सुरू होतो. भाऊ जिवंत आहेत हे सांगायला विंटरफेलहून कुणी एका संध्याकाळीत त्याच्यापर्यंत आलं असतं तर यातलं काहीच घडलं नसतं. त्याची बहीण आर्या तर त्या किल्ल्याच्या दारापर्यंत पोचते, आत कत्तल चालू असते. थोडक्यासाठी उशीर. ही आख्खी गाथा उशिरा पोचलेल्या आणि चुकीच्या पोचलेल्या निरोपांवर उभी आहे. शेवटी सगळे हवे तेव्हा हवे तिथं पोचायला लागले, तेव्हा उशीर होण्याची भीतीच गेली.

मसाईपठार

अंतराचा विषय निघाला म्हणून लिहितो. मी अकरा वर्षं पन्हाळा ते पावनखिंड पदभ्रमंतीला जातो, जुलैत, भर पावसात. पुस्तकात कुणी ‘एका दिवसात इतकं अंतर तोडलं’ म्हटलं की मला माझ्या मांड्या आठवतात.

पन्हाळ्यावरून उतरून मसाई पठार चढलं की धुक्यात पुढचा माणूस दिसत नाही. पठार संपलं की भाताची खाचरं, ओढे, लाल चिखल. बुटात पाणी गेलं की ते दोन दिवस निघत नाही. आम्ही पहिल्या दिवशी उजाडताना निघतो आणि अंधाराच्या आत मुक्कामाचं गाव गाठतो, दुसऱ्या दिवशी पांढरपाण्यावरून खिंडीत. पाठीवर फक्त डबा, कोरडे कपडे आणि पाण्याची बाटली. १६६० च्या जुलैत महाराज सिद्दी जौहरच्या वेढ्यातून निसटले ते रात्री, पालखीतून, आणि भोई तीच वाट जवळजवळ पळत होते. दरवर्षी खिंडीत पोचल्यावर मला पहिल्यांदा त्या भोयांचे पाय आठवतात. बाजीप्रभूंचं स्मरण त्यानंतर.

म्हणून टॉल्किनचं एक पान माझ्या फार जवळचं आहे. ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’मध्ये ॲरागॉर्न, लेगोलस आणि गिमली ओर्कांच्या मागावर पळतात. चौथा दिवस संपायच्या आत पंचेचाळीस लीग. एक लीग तीन मैलांची, म्हणजे २१७ किलोमीटर. रोजचं पन्नासच्या वर, चार दिवस सलग. हे माणसाच्या आवाक्याच्या अगदी कडेला आहे. पण टॉल्किन काय करतात? घोड्यावरच्या एओमरच्या तोंडी तो आकडा घालतात आणि त्याला थक्क होऊ देतात. पळणाऱ्यांपैकी कोण दमतं, कोण थांबायला नाही म्हणतं, रात्री माग दिसेल का यावर कसा खल होतो, हे सगळं आधी येऊन गेलेलं असतं. चमत्कार मोजून दाखवला की तो चमत्कार राहतो.

आणि हे आपसूक झालेलं नाही. १९४४ च्या मे महिन्यात त्यांनी मुलाला, ख्रिस्तोफरला, पत्र लिहिलं. त्यात ते सांगतात की नायक फ्रोडोच्या पळण्यापासून शत्रूच्या मिनास मॉर्गुलला पोचेपर्यंतच्या दिवसांत चंद्र अशक्य गोष्टी करत होता, एकीकडं उगवत होता आणि त्याच वेळी दुसरीकडं मावळत होता. ते दुरुस्त करायला त्यांनी मागची प्रकरणं परत लिहायला घेतली. महायुद्ध चालू आहे, मुलगा हवाई दलात दूर आहे, आणि हा माणूस चंद्र जुळवतोय. मी तारखा बघून पदभ्रमंतीला जाणारा माणूस आहे, मला हे वाचून भरून आलं.

एवढी पायपीट कशाला, गरुडांवर बसून थेट का गेले नाहीत, हा प्रश्न मात्र कुणी काढू नका, एवढी विनंती. तो काढला की चर्चा तिथंच अडकते.

तिसरीगल्ली

मी काढणारच होतो दादा. राहू दे.

बखरवाचक

सरकीपेंड ताई, तुमच्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर देतो. मी निवृत्त शिक्षक, इतिहास शिकवायचो. पाचही पुस्तके वाचली आहेत, पाचवे दोनदा.

तुम्ही पाचव्यापर्यंत जाच. ‘अ डान्स विथ ड्रॅगन्स’मध्ये तुमच्या दुकानाचे पान आहे. जॉन स्नो भिंतीवरच्या पहारेकऱ्यांचा सेनापती झालेला असतो. कारभारी बोवेन मार्श त्याला घेऊन बर्फात खोदलेल्या कोठारांतून फिरतो. किती धान्य, किती खारवलेले मांस, किती चीज, आणि किती तोंडांना किती दिवस. आपल्याकडे जमिनीखाली धान्याची पेवे असायची, तसे ते बर्फातले पेव. मग जॉन रानटी टोळ्यांना भिंतीच्या आत घेतो आणि तोंडे वाढतात. तो ब्राव्होसच्या आयर्न बँकेकडून कर्ज काढायचे ठरवतो, हिवाळ्यात धान्य विकत आणण्यासाठी. आता पुढचे बघा. शेवटी जॉनवर जे खंजीर चालतात त्यांत एक बोवेन मार्शचा असतो, आणि वार करताना त्याच्या गालांवरून अश्रू वाहत असतात. ज्याने कोठार मोजले त्याचा हात. त्याची इतरही कारणे आहेत, पण त्या भीतीचे एक मूळ त्या कोठारात आहे. मालिकेत या मोजदादीला जागा उरली नाही.

त्याच पुस्तकात उत्तरेकडच्या डोंगरी लोकांबद्दल चार ओळी आहेत. हिमवर्षाव वाढला, अन्न कमी पडले की घरातले म्हातारे सांगतात, आम्ही शिकारीला जातो. त्यांतले काही वसंतात सापडतात. बरेचसे परत दिसत नाहीत. मी सत्तरीच्या जवळ आलो आहे. त्या चार ओळींपाशी मी पुस्तक मिटून ठेवले आणि बाहेर जाऊन बसलो.

म्हणजे हिवाळ्यात लोक खातात काय, हा प्रश्न मार्टिन विसरलेले नाहीत. विंटरफेलला गरम झऱ्यांवर उबवलेल्या काचेच्या बागाही आहेत. वर्षानुवर्षे चालणारे ऋतू मात्र शेतीच्या गणिताने सुटणारे नाहीत. त्याचे कारण जादूचे आहे असे त्यांनी स्वतः सांगितले आहे, आणि ते अजून पानावर यायचे आहे.

आता कालक्रमाबद्दल. तिसरे पुस्तक २००० साली आले. त्यानंतर पाच वर्षांची उडी मारून मुले मोठी करायची असा मार्टिन यांचा बेत होता. बरेच लिहून झाल्यावर त्यांनी तो सोडला. मग चौथे पुस्तक २००५ मध्ये, पाचवे २०११ मध्ये, आणि दोन्हींतला बराचसा काळ एकच, फक्त प्रदेश वेगळे. म्हणून काही मुले वयाच्या मानाने फार जड निर्णय घेताना दिसतात. हा सांधा मला दिसतो आणि सलतो. पण ती लेखकाची बेफिकिरी म्हणता येत नाही, त्याने वाट बदलली त्याचा तो वण आहे.

लहान चुका तर त्यांनी मोकळेपणी कबूल केल्या आहेत. एक घोडा एका पुस्तकात घोडा आहे आणि दुसऱ्यात घोडी. ताई, हे तुमच्या नजरेतून सुटले असेल असे वाटत नाही. पुढे त्यांनी तपशील तपासायला एलिओ गार्सिया यांची मदत घेतली. ते मुळात चाहत्यांपैकी, लिंडा अँटोन्सन यांच्याबरोबर या गाथेचे संकेतस्थळ चालवणारे.

एक मोठी विसंगती मात्र मला चूक वाटत नाही. भिंत आठ हजार वर्षांची, राजघराणी आठ हजार वर्षांची, आणि तलवारी तशाच. पहिल्यांदा वाचताना मी याला हसण्यावारी नेले होते. चौथ्यात सॅमवेल जुनी बाडे चाळतो. जॉन पहारेकऱ्यांचा ९९८ वा सेनापती मानला जातो, पण सॅमला सापडलेल्या सर्वांत जुन्या यादीत ६७४ नावे आहेत. तो म्हणतो की सर्वांत जुने इतिहाससुद्धा घटनांनंतर खूप उशिरा लिहिले गेले. मी तीस वर्षे मुलांना बखरी वाचायला शिकवत होतो. बखरीत फौजेचा आकडा फुगतो, वर्षे सरकतात, आणि तरी बखर फेकून द्यायची नसते. मार्टिन यांनी आपल्या जगातल्या इतिहासकारांनाच चुकू दिले आहे.

आपल्याकडे याचे सर्वांत मोठे उदाहरण पुण्यात झाले. भांडारकर प्राच्यविद्या संस्थेने १९१९ मध्ये महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे काम सुरू केले, ते १९६६ मध्ये पूर्ण झाले. विष्णु सीताराम सुखठणकर आणि त्यांच्यानंतरच्या विद्वानांनी १,२५९ हस्तलिखिते पडताळली. जुळत नाही म्हणून काही फेकले नाही. पाठभेद तळटीपांत, मोठे प्रक्षेप, म्हणजे मागाहून घातलेले भाग, परिशिष्टांत. व्यासांनी सांगितले आणि गणपतीने लिहून घेतले ही आपल्या सगळ्यांना पाठ असलेली कथासुद्धा तिथे मूळ संहितेत नाही, परिशिष्टात आहे. पुष्कळ हातांनी, पुष्कळ शतके सांगितलेल्या गाथेत सांधे दिसणारच.

एकट्या लेखकाकडे हस्तलिखिते नसतात, पण आवृत्त्या असतात. मसाईपठार यांनी चंद्र सांगितला, मी अंगठी सांगतो. ‘द हॉबिट’ १९३७ चे. त्यात गुहेत राहणारा गोलम नायक बिल्बोशी लागलेल्या कोड्यांच्या पैजेत अंगठी बक्षीस म्हणून लावतो आणि हरल्यावर, ती हरवलेली असल्याने, बिल्बोची माफी मागतो. पुढच्या मोठ्या कथेत, ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’मध्ये, त्या अंगठीने गोलमला आतून पोखरलेले आहे, तो ती पैजेला लावणे शक्यच नाही. टॉल्किन यांनी ते प्रकरण नव्याने लिहिले आणि १९५१ च्या आवृत्तीत छापले. जुन्या आवृत्तीचे काय? ती बिल्बोने सांगितलेली खोटी हकिकत ठरवली. अंगठी हातात येताच तो सज्जन माणूस पहिल्यांदा खोटे बोलला. भोक बुजवले नाही, त्यातूनच दिवा दाखवला.

सरकीपेंड

सर, तुमचा प्रतिसाद काल रात्री दुकान वाढवून झाल्यावर वाचला, आज सकाळी परत वाचला. म्हाताऱ्यांच्या त्या ओळी मी भाच्याला सांगितल्या नाहीत. त्यानं स्वतः वाचाव्यात असं वाटलं.

कोठाराचं पान कळलं म्हणून चौथं पुस्तक परत काढलं आहे. बोवेन मार्शचं वाचून मला दिलासा मिळाला. त्या माणसाचं कृत्य वाईटच, पण लेखकाला ठाऊक होतं की मोजणाऱ्या माणसाची झोप कशी जाते. पुरात आमच्याही माळ्यावर चाळीस पोती होती आणि मागणारे दीडशे. कुणाला आधी द्यायचं हे ठरवताना मी ज्यांना ‘नंतर’ म्हटलं त्यांतले दोघे अजून माझ्याकडं माल घेत नाहीत. त्यांचं चुकत नाही.

एका ठिकाणी मात्र मी तुमच्याशी सहमत नाही. आठ हजार वर्षांचा घोळ इतिहासकारांच्या माथी मारता येतो, कारण ती ऐकीव गोष्ट आहे. ड्रॅगनस्टोनवरची घोडी ऐकीव नाहीत. ती माझ्या डोळ्यांसमोर पडद्यावर उभी होती, तुकतुकीत, भरलेल्या अंगाची. फासळी दिसत नव्हती. बखरीत आकडा फुगला तर मी समजून घेईन. समोर बांधलेल्या जनावराची कूस खपाटीला गेलेली नसेल तर त्याला कुणीतरी खायला घातलंय, आणि कुणी घातलं ते मला कळलं पाहिजे.

बखरवाचक

मान्य. समकालीन साक्ष आणि नंतरची बखर यांत मी फरक करायला हवा होता. विद्यार्थ्यांना तोच सांगायचो.

तिसरीगल्ली

ताई, मला एक सुचतंय. धान्याच्या गाड्या जाळण्याऐवजी डेनेरिसनं त्या ताब्यात घेतल्या असत्या तर? नुसती जाळपोळ न राहता ती वैरणीची झुंज झाली असती. ड्रॅगननं जाळायचं की आपल्या घोड्यांसाठी वाचवायचं, हे तिला आकाशातून ठरवावं लागलं असतं.

सरकीपेंड

तिसरीगल्ली, मला हे कसं सुचलं नाही! आणि ती रागाच्या भरात जाळतेच, हेही तिच्या स्वभावाला धरून झालं असतं. मग विंटरफेलला सान्सानं विचारलेला प्रश्न थेट तिच्यावर येऊन आदळला असता. गाड्या होत्या, तूच जाळल्यास. त्या दोघींचं पुढं जे वैर होतं त्याला खरं कारण मिळालं असतं. भाचा म्हणतो, हे लिहून ठेव आत्या.

त्याच्याशी आता एक ठरलंय. परवाच्या सुट्टीपासून आम्ही दोघं पहिलं पुस्तक सुरुवातीपासून वाचणार. तो मोठ्यानं वाचणार, मी नकाशा घेऊन बसणार. पोत्याच्या तोंडाची सुतळी घेतली आहे. भिंतीच्या लांबीइतक्या अंतरावर एकेक गाठ मारली, गाठ म्हणजे ४८० किलोमीटर. जो जिथून निघेल तिथून सुतळी धरायची. घोडा सपाट रस्त्यावर दिवसाला चाळीसेक किलोमीटर, तोही मध्ये विसावा आणि दाणा मिळाला तर, असं मी धरलं आहे. मसाईपठार दादा, पावसात आणि चिखलात पायी माणूस किती धरू?

मसाईपठार

चांगल्या वाटेवर तीस धरत असाल तर पावसात पंधरा धरा. पाठीवर ओझं असेल तर बारा. आणि नदी लागली की तो दिवस सोडून द्या, पलीकडं जायला मिळेलच असं नाही.

सरकीपेंड

बारा लिहिले. नद्यांवर लाल पेन्सिलीनं खुणा करते.